लेकरांच्या नावाची शपथ

आमच्या घरात कोणी शपथ घेत नसे. बाकीच्या घरांत ती उठता-बसता चालायची. शाळेत खडूचा तुकडा कोणी उचलला यावर आईशप्पथ, बाजारात वांगी आजचीच आहेत यावर देवाशप्पथ, आणि विहिरीवर बायांचं वाजलं की एकमेकींची लेकरंबाळं थेट मसणात नेऊन ठेवायची. मी एकदा शेजारच्या विमलचं ऐकून जेवता जेवता आईला "तुही शप्पत" म्हणून गेले. आईनं थापत असलेली भाकर तशीच परातीत ठेवली आणि म्हणाली, "वापस घे." शपथ वापस कशी घेतात हे मला ठाऊक नव्हतं. मी नुसतं "घेतली" म्हटलं, तेव्हा कुठं तिचे हात पुन्हा चालू झाले. तिच्या आईनं म्हणे पाणी भरायच्या एका पितळी गुंडावरून जावेशी भांडताना मांडीवरच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून खोटी शपथ घेतली होती, आणि ते पोर त्याच उन्हाळ्यात गोवराने गेलं. आई स्वतः नर्स होती. गोवराने मूल कसं जातं, हे ती गावोगाव हिंडून बायांना समजावून सांगायची. पुढं मोठी झाल्यावर मी तिला यावरून छेडलं, तर म्हणाली, "गोवरानंच गेला थो. पन माह्या मायच्या मनातून शपथ गेली काय?" आता माझी साठी उलटली, तरी तो प्रश्न मी सोडवतेच आहे.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथं अजून आमची माणसं आहेत आणि त्यांना त्रास द्यायची इच्छा नाही. दर्यापूरहून अकोटकडे जाताना लागणारं ते एक काळ्या मातीचं गाव, एवढं पुरे. आईची बदली तिथल्या सरकारी दवाखान्यात झाली तेव्हा मी लहान होते, त्यामुळे मला आठवतं ते घर हेच. दवाखान्याला लागून दोन खोल्यांचं क्वार्टर, पुढं पत्र्याची पडवी आणि मागचं दार उघडलं की समोर दवाखान्याचा व्हरांडा. पाणी खारं. त्या पट्ट्यात सगळ्याच विहिरींचं तसं. त्या पाण्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे, आणि पाहुणा पहिल्यांदा चहा प्याला की आमच्याकडे बघायचा, जणू आम्ही साखरेऐवजी मीठ टाकलं. गोडं पाणी लांबून आणावं लागे आणि ते देवापेक्षा जपून ठेवलेलं असे. सकाळी आमच्या घरात पहिला आवाज व्हायचा तो पिचकाऱ्यांचा. तेव्हा इंजेक्शनच्या पिचकाऱ्या काचेच्या असत आणि त्या उकळून घ्याव्या लागत. दवाखान्यातला स्टोव्ह कायम बिघडलेला, म्हणून आई त्या घरी आणून आमच्याच स्टोव्हवर उकळायची. उकळत्या पाण्यात त्या एकमेकींवर किणकिण आपटायच्या आणि मी त्या आवाजानं जागी व्हायचे. मग आई त्याच स्टोव्हवर चहा ठेवायची. आज कोणाला सांगितलं तर शिसारी येईल, पण आम्ही त्यावर वाढलो.

घरातला दुसरा आवाज मधूदादाचा. तो माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा, अमरावतीला कॉलेजात होता. शनिवारी दुपारच्या एसटीनं मळक्या कपड्यांची पिशवी घेऊन उतरायचा आणि पडवीतूनच बोलायला सुरुवात करायचा. बाबा अकोटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. हंगामभर तिकडेच राहत आणि आठवड्याला घरी येत. मशीनच्या आवाजानं त्यांचे कान अर्धे गेले होते, म्हणून त्यांच्याशी बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागे, आणि दादाला ओरडून बोलायला निमित्तच हवं असे. ताटात ज्वारीची भाकर, वरून कच्चं तेल आणि लसणाची फोडणी घातलेली अंबाडीची भाजी, शनिवार म्हणून मुगवड्यांचा रस्सा, आणि त्यावर दादाचं भाषण. कापसाचे भाव, वसतिगृहातली पाणचट डाळ, मंत्री, नदी, चंद्र, कशावरही. बाबा मान डोलवत आणि मधूनच विचारत, "काय म्हन्ला?" मग दादा तेच आणखी जोरात सांगे. आई म्हणायची, "जेव ना बापा आधी, सरकार काई पयून नाई जात." पण मी पाहिलंय, तो बोलत असला की तिचा वाढायचा हात मोकळा असे. रविवारी संध्याकाळी तो गेला की घर एकदम सपाट वाटायचं.

त्या वर्षी पेरणीच्या दिवसांत एका पोरीला बैलगाडीत घालून दवाखान्यात आणलं. शेतात पेरणीला गेली होती, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सापानं धरलं. माझ्या शाळेतली, एक वर्ग मागं. दवाखान्यात सापाचं इंजेक्शन नव्हतं. कित्येक दिवसांपासून नव्हतं. आईनं वर कळवलं होतं, डॉक्टरांनी कळवलं होतं, आणि कळवल्याचं पत्र मिळालं, एवढंच वरून कळलं होतं. आईनं पट्टी बांधली, जीप मिळवली, स्वतः सोबत बसली. जीप मोठ्या रस्त्याला लागली न लागली, तोच पोरगी गेली. त्या शनिवारी जेवताना दादानं विचारलं आणि आईनं जे झालं ते सांगितलं, जसं ती रोजचं सांगायची. दादा त्या दिवशी ओरडला नाही. रविवारी लवकरची गाडी धरून गेला. आठवड्याभरात त्यानं आणि त्याच्या दोस्तांनी अमरावतीत पत्रक काढलं. वरती मोठ्या अक्षरांत होतं: 'साप पेरणीची वाट पाहतो, लस कोणाची वाट पाहते?' शंभरेक पोरं मोर्चा घेऊन आरोग्याच्या ऑफिसावर गेली, पोलिसांनी त्यांना दिवसभर बसवून ठेवून सोडून दिलं. एका लहानशा पेपरात बातमी आली आणि तिच्यात दादाचं नाव, आणि पुढं 'आरोग्य केंद्रातील परिचारिकेचे चिरंजीव'. आईनं ती बातमी चष्मा लावून दोनदा वाचली. बाबांनी विचारलं, आता काय होईल. ती म्हणाली, "खोटं तं काईच नाई लिवलं त्यानं." मला वाटलं, मग झालं तर.

त्यानंतर जे आलं ते एकट्या आमच्यासाठी आलं नव्हतं. तेव्हा संप-मोर्चे सगळीकडेच चालले होते आणि वरच्या लोकांना सगळ्यांचाच संशय येऊ लागला होता. साऱ्या जिल्ह्यातल्या आरोग्याच्या कर्मचाऱ्यांनी निष्ठेची शपथ घ्यावी आणि तशी सही करून द्यावी, असं फर्मान निघालं. सोमवारी सकाळी तालुक्याहून बडेबाबू, म्हणजे तिथल्या ऑफिसातले मोठे क्लार्क, आले. आमच्या मागच्या दारातून मला सगळं दिसत होतं. व्हरांड्यात सारे रांगेत उभे, म्हणजे डॉक्टर, कंपाउंडर, आई, रझिया सिस्टर, शिपाई. उजवा हात पुढं करायचा आणि बडेबाबू वाचतील तसं म्हणायचं. देशाशी एकनिष्ठ राहीन, इमानदारीनं काम करीन, इथवर आईचा आवाज सगळ्यांत स्वच्छ होता. नर्स होताना तिनं असंच काहीसं म्हटलं होतं, आणि स्वतःबद्दल वचन द्यायला तिची कधी ना नव्हती. मग पुढचं वाक्य आलं. मी व माझ्या कुटुंबातील खाली नावे दिलेल्या व्यक्ती शासनाच्या कारभाराविरुद्ध जाहीरपणे बोलणार नाहीत, लिहिणार नाहीत, कोणत्याही सभेत वा मोर्चात जाणार नाहीत, असे मी शपथेवर सांगते. आणि ज्याने त्याने आपापल्या घरातली नावं म्हणायची. आईनं हात खाली घेतला.

बडेबाबूंना वाटलं, हात दुखला. ते थांबले. आई म्हणाली, "माह्यं मी म्हनलं. लेकराइचे नावं घेऊन मी शपथ नाई घेत."

"बाई, अहो थे तशी शपथ नाई हाय."

"मंग कशी हाय?"

"सरकारी हाय. फॉर्म्यालिटी."

"मोडली तं कोनाले लागते?"

बडेबाबू वऱ्हाडातलेच होते, त्यांना प्रश्न बरोबर कळला. ते डॉक्टरांकडे बघू लागले. डॉक्टर सातारकडचे, तरुण, भला माणूस. त्यांना यातलं काहीच कळलं नाही. ते म्हणाले, "सिस्टर, कायद्याच्या दृष्टीनं तुमच्या मुलांना काही होत नाही." आई म्हणाली, होत नसंल तर नावं कशाला पाहिजेत. मला अजून वाटतं, या एका प्रश्नाला उत्तर देऊ शकेल असा माणूस त्या व्हरांड्यात तर नव्हताच, फर्मान काढणाऱ्या ऑफिसातही नसावा. पण बडेबाबूंनी कागदावर लाल शेरा मारला: 'शपथ घेण्यास नकार.' म्हणजे ती लेकरांच्या जीवाला जपत होती आणि कागदावर ती सरकारच्या विरोधात गेली.

दुपारी रझिया सिस्टर आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. ती अकोटची, आईहून लहान, दोघी मिळून बाळंतपणं करायच्या आणि एका डब्यात जेवायच्या. आईनं तिला विचारलं, तू कशी काय म्हणालीस गं पोरांची नावं, तुझ्या मनाला काही वाटलं नाही का. रझिया सिस्टरनं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "ताई, सच सांगू काय? तुमी नाई म्हनलं तं लोक म्हनतीन बाई अडेल हाय, खुळी हाय. मी नाई म्हनलं तं काय म्हनतीन थे तुमाले मालूम हाय. मले तं बडेबाबूनं सगळे गेल्यावर अलग बोलावून आखी शपथ अजून एक बार म्हनाले लावली." आईनं विचारलं, "कावून?" रझिया सिस्टर हसली आणि तिनं कप विसळून ठेवला. ते मला तेव्हा कळलं नव्हतं, कळलं तेव्हा खूप उशीर झाला होता आणि रझिया सिस्टरही राहिली नव्हती. त्या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त राग कशाचा येत असेल, तर तो त्या दुसऱ्यांदा म्हणायला लावलेल्या शपथेचा येतो.

मग अमरावतीहून दादाच्या ओळखीच्या एका संघटनेचे पुढारी आले. पांढरे कपडे, काखेत पिशवी. पडवीत बसून त्यांनी आईला सांगितलं की ताई, तुम्ही नागरी स्वातंत्र्याचा झेंडा उभा केलाय, साऱ्या राज्याचं तुमच्याकडे लक्ष आहे. आई म्हणाली, "चहा घ्या, पानी खारं हाय." त्यांनी विचारलं, शपथेला नकार देण्यामागची तुमची वैचारिक भूमिका काय. तिनं आपल्या आईची, गुंडाची आणि गोवराने गेलेल्या पोराची गोष्ट सांगितली. पुढाऱ्यांनी लिहायचं थांबवलं आणि चहा अर्धा टाकून गेले. तरी आठवड्यानं पत्रक निघालंच. 'एका रणरागिणीचा नकार' की असंच काहीतरी. त्यात दादाचा हात होता हे भाषेवरूनच कळत होतं. तो शनिवारी मोठ्या ऐटीत ते घेऊन आला, आणि आईनं त्याला त्या दिवशी जे झापलं तसं मी पुन्हा कधी ऐकलं नाही. "माह्या नावाचं कागद काढाले मले इचारलं होतं काय? सरकार माह्या तोंडून तुहं बोलते, तू माह्या नावानं तुहं बोलतं. मंग तुमच्यात अन् त्यायच्यात फरक काय राहिला, सांग." बाबांनी विचारलं, "काय म्हन्ला?" दादा म्हणाला, "काई नाई."

पत्रकामुळं जे बडेबाबूंच्या लाल शाईत मिटलं असतं ते वरपर्यंत गेलं. आधी मेळघाटात बदली करू अशी तंबी आली. आई म्हणाली, करा, तिकडेही बायांना पोरं होतात. मग चौकशी होईपर्यंत निलंबन आलं. दवाखान्यात पाय ठेवायचा नाही, रुग्णाला हात लावायचा नाही, आणि चौकशी विरुद्ध गेली तर क्वार्टर सोडायचं. शिपाई येऊन पिचकाऱ्यांचं पातेलं घेऊन गेला. त्याला फार वाईट वाटत होतं, तो पातेलं पदराखाली झाकावं तसं टॉवेलाखाली झाकून नेत होता. दुसऱ्या दिवशी मी उशिरा उठले, शाळा बुडाली. घरात उठवायला काही आवाजच नव्हता.

पैशाची ओढाताण झाली असणारच, ती मोठ्यांनी आम्हाला कळू दिली नाही. मला आठवतं ते एक वेगळंच. कुंभारवाड्यातली एक बाई पहिलटकरीण, कळा सुरू झाल्यावर सवयीनं थेट आमच्या दारात आली, सोबत तिची सासू. आई दारातच उभी राहिली. दोन्ही हात मागं घेतलेले. म्हणाली, "मले हात लावता येत नाई, माय. दवाखान्यात जा, रझियाबाई हाय, डाक्टर हाय." सासूला वाटलं, आई कशावरून तरी रुसली. ती पाया पडायला लागली. आई मागं सरकली आणि म्हणाली, मीच तुझ्या पाया पडते पण जा. त्या गेल्यावर ती मागच्या दाराशी येऊन दवाखान्याच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी भाकरी केल्या, जमेल तशा, जाड. ती जेवायला आली नाही. बऱ्याच वेळानं पलीकडून पोराचा रडण्याचा आवाज आला, तेव्हा ती खाली बसली आणि तिनं तोंडात पदर कोंबला. दादा त्या दिवशी घरी होता. कॉलेज सुरू असताना तो का आला होता मला माहीत नाही, पण तो पडवीच्या दारात उभा होता आणि त्यानं ते सगळं पाहिलं. माझ्या त्या जाड, कच्च्या भाकरी त्यानं खाल्ल्या.

चौकशी अकोल्याच्या मोठ्या ऑफिसात होती. आई, दादा आणि मी गेलो. मला नेलं ते माझ्या डोळ्यांसाठी. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून मास्तरांची चिठ्ठी आली होती, आणि अकोल्याला जातोच आहोत तर डोळे दाखवून येऊ, असा आईचा विचार. आयुष्यातल्या मोठ्या गोष्टी आमच्या घरी नेहमी अशाच दुसऱ्या कामाच्या जोडीनं व्हायच्या. आधी सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घातले, मग आम्ही ऑफिसात बाकावर जाऊन बसलो. मला सगळं धुरकट दिसत होतं. लांब व्हरांडा, पंख्याचा कुरकुर आवाज, कोणीतरी टाइप करत होतं. आत बोलावलं तेव्हा आईनं माझा हात धरून नेलं. साहेबांचा चेहरा मला सांगता येणार नाही, आवाज आठवतो. दमलेला, सभ्य आवाज. ते म्हणाले, "बाई, तुमचं काम चांगलं आहे असं सगळे सांगतात. साऱ्या जिल्ह्यानं सही केली. एक ओळ म्हटली काय नि नाही म्हटली काय, कोण बघायला येणार आहे?"

आई म्हणाली, "साहेब, माही मी घेतली. घरच्याइची मी कशी घेऊ? थ्यायच्या तोंडावर माहा हात कसा ठेवू?"

"मग मला तुम्हाला परत घेता येणार नाही. माझ्याही वर माणसं आहेत."

मग दादा बोलला. त्याचा आवाज इतका हळू होता की मला आधी वाटलं दुसरंच कोणी बोलतंय. तो म्हणाला, "साहेब, तिच्या शपथेत आमचे नावं नको. ही लहान हाय, बाबा कुठं बोलत नाहीत. बोलनारा मी एकटा हाय. मी सज्ञान हाय. माही शपथ मी घेतो."

साहेब म्हणाले, "तू सरकारी नोकर नाहीस. तुझी शपथ मी कशी घेऊ?"

"मी देतो नं. तुमी जोडून घ्या."

साहेब विचारात पडले, हेड क्लार्कला बोलावलं, दोघं हळू आवाजात बोलले. तसा कुठलाच नियम नव्हता, पण तसं करू नये असाही नियम सापडला नाही. क्लार्कनं सांगितलं तसं दादानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं, की मी यापुढे शासनाच्या कारभाराविरुद्ध जाहीर बोलणार नाही, लिहिणार नाही, सभेत-मोर्चात जाणार नाही. मग तो उभा राहिला, कोणी सांगितलं नसताना उजवा हात पुढं केला आणि ते मोठ्यानं वाचलं. आई एकदाच "मधू" म्हणाली. साहेबांच्या आवाजातला ताण गेला. ते म्हणाले, "हे तर फारच चांगलं झालं." आईच्या कागदावरची कुटुंबाची ओळ खोडली गेली आणि बाजूला लिहिलं गेलं की मुलाचे स्वतंत्र निवेदन सोबत जोडले आहे. साऱ्यांचा प्रश्न सुटला.

बाहेर व्हरांड्यात आईनं त्याचा दंड धरला. "तुले कोनं सांगतलं होतं?"

"तुच तं म्हनतं, दुसऱ्यानं आपली शपथ घेऊ नाई म्हनून. मी माही घेतली."

"माह्या नोकरीसाठी घेतली."

"थ्या बाईची सासू तुह्या पाया पडत होती, आई," तो म्हणाला, आणि मग आम्ही बसस्टँडवर गेलो. परतीच्या बसमध्ये तो माझ्यासमोर बसला होता. डोळ्यांत थेंब असल्यामुळं मला त्याचा चेहरा त्या दिवशी नीट दिसलाच नाही. आई मात्र अकोटपर्यंत त्याच्याकडे बघत होती, एवढं मला कळत होतं.

पुढच्या आठवड्यात पातेलं परत आलं. पिचकाऱ्या पुन्हा वाजू लागल्या. वर्षभरात त्या फर्मानाचं नावही कोणी काढेना. शपथ घेतलेले कंपाउंडर पुढच्याच संपात पहिल्या रांगेत होते, बडेबाबू निवृत्त होऊन गावच्या राजकारणात शिरले आणि चौकाचौकांत सरकारला शिव्या देऊ लागले. कोणाचं काही बिघडलं नाही. कोणी कधी ते कागद काढून पाहिले असतील असं मला वाटत नाही. पण दादा त्या घरात वाढला होता जिथं शपथ घेत नसत, आणि म्हणून घेतलेली मोडतात कशी हे त्याला येतच नव्हतं. अमरावतीचे दोस्त बोलवायला आले, त्यांना त्यानं स्वतः चहा करून दिला. एकजण म्हणाला, अरे वेड्या, कागद आहे तो, आम्ही असे पन्नास दिले असते. दादा म्हणाला, "तुमी दिले असते." साऱ्या जिल्ह्यात ती शपथ पाळणारा एकच माणूस निघाला, आणि तो सरकारी नोकरही नव्हता.

घरात बोलायला कोणी मनाई केली नव्हती, शपथेत 'जाहीरपणे' असाच शब्द होता. पण बाहेर बंद झालेलं बोलणं हळूहळू घरातही आटत गेलं. आधी तो सरकारवर बोलेनासा झाला, मग कापसाच्या भावांवर, मग वसतिगृहावर. शनिवारी यायचा, जेवायचा, कपडे धुवायचा. बाबा सवयीनं विचारायचे, "काय म्हन्ला?" आणि तो काहीच म्हणालेला नसायचा. आईनं एकदा सांगून पाहिलं की ते कागद आता वाळवीनं खाल्ले असतील. तो म्हणाला, "कागद खाल्ले असतीन." शिक्षण संपल्यावर त्यानं अकोल्यात पंपाच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं. चांगलं चाललं. लग्न झालं, मुलगी झाली. लोक म्हणत, मधुकरराव फार शांत माणूस. ते ऐकलं की मला आतून चीड यायची. शांत नव्हता हो तो, कधीच नव्हता.

त्याची ती मुलगी रुचा परवा सरकारी नोकरीत लागली. तिच्याकडूनही लिहून घेतलं, मोबाइलवर सरकारविरुद्ध काही टाकणार नाही, दुसऱ्यांचं पुढं पाठवणार नाही म्हणून. तिनं मला ते हसत हसत सांगितलं. "आत्या, सगळेच टिक करतात, वाचतं कोण?" मी स्वतः शिक्षिका म्हणून पस्तीसेक वर्षं असे कितीतरी कागद सही करून दिले. थकवा आलाय मला या सगळ्याचा. वाचून सही करणारा वेडा ठरतो, न वाचता करणारा शहाणा, आणि मागणाऱ्यालाही ठाऊक असतं की आपण काय मागतो आहोत. रुचाला तिच्या वडिलांची गोष्ट माहीत नाही. त्यानं सांगितली नाही, आणि सांगणं माझं काम आहे का याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही. हे लिहिणं म्हणजे कदाचित तोच निर्णय.

आई निवृत्त झाली तेव्हा आम्ही सगळे जमलो होतो. दवाखान्यात नारळ, शाल, भाषणं झाली. रझिया सिस्टर रडली. घरी येऊन आईनं शाल घडी करून पेटीत ठेवली, साधं लुगडं नेसली आणि स्वतः स्वयंपाक केला, कोणालाही चुलीजवळ येऊ दिलं नाही. सगळे जेवायला बसलो. बाबांना आता जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. आईनं सगळ्यांना वाढलं, आणि मग दादाच्या ताटासमोर येऊन बसली. तिचं स्वतःचं ताट तिनं वाढून घेतलं नव्हतं.

"मधू," ती म्हणाली, "आजपासून मी सरकारची नाई. नोकरी गेली, क्वार्टर गेलं, आता माहं कोनी काई करू शकत नाई. आता बोल बापा."

दादानं वर पाहिलं. "काय बोलू?"

"काईबी बोल. पहिल्यासारखं बोल. वरडून बोल."

सगळ्यांचे हात थांबले होते. मी त्याच्याकडे बघत होते. त्यानं खरंच प्रयत्न केला. तोंड किंचित उघडलं, कपाळाला आठी पडली, एखादं हरवलेलं नाव आठवावं तसा तो बराच वेळ शोधत राहिला. मग त्यानं नजर खाली केली.

"कढी चांगली झाली," तो म्हणाला.

आईनं होकारार्थी मान हलवली आणि त्याच्या ताटात आणखी कढी वाढली.